स्वेच्छेने

फॉर्मच्या पहिल्याच पानावर विचारलंय:
नोंदणी सक्तीची, की स्वेच्छेने?

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
ट्विलिंगेटच्या बंदरात कालपासून
बर्फाचा एक डोंगर अडकून बसलाय,
आणि माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर हा प्रश्न.
दोघंही हलत नाहीत.

मी हातमोजे विणते. अंगठा वेगळा, तर्जनी वेगळी,
उरलेली तीन बोटं एका खोलीत.
बाहेरून दिसतात नुसते पांढरे ठिपके;
आत न कातलेल्या लोकरीचे पुंजके, ऊब सगळी तिथे.
वर्षाला बावीस हजार डॉलर.
तीस हजारांच्या आत आहे तोवर
कायदा मला लहान पुरवठादार म्हणतो आणि सोडून देतो.
बासष्टाव्या वर्षी कुणी लहान म्हटलं
की बरं वाटतं.

गँडरहून भाचा क्लेटन फोनवर हिशेब घालतो:
"एफी मावशी, लोकर, टपाल, खोकी, ती नवी चरखी,
गेल्या साली नऊशे डॉलर कर भरलास
आणि विसरून गेलीस. नोंदणी घे, पुढचे तरी परत मिळतील.
फोगोचा हॉटेलवाला शंभर जोड्या नेतो,
त्याला कराचं काहीच नाही, त्याचाही त्याला परत मिळतो.
बिलावर नंबर असला की धंदा दिसतो."
"आणि नसला की?"
"विणणारी बाई."

नणंद मर्टल शेगडीकडे पाठ करून उभी.
"विकतचं दुखणं," म्हणते. "पावत्यांनी डबे भरशील,
आणि एकदा दार उघडलंस
की आत कोण येईल ते तू ठरवत नाहीस."
तिच्या नवऱ्याने एकदा सरकारला कळवून शेड बांधली होती.
त्याला पंधरा वर्षं झाली.
ती अजून त्या शेडमध्येच आहे.

हॉटेलचं ठीक. हेझकाया ब्लॅकमोरचं काय?
चाळीसची जोडी, वर पंधरा टक्के: शेहेचाळीस.
त्याला कुणी काही परत देणार नाही.
दर नोव्हेंबरला येतो, नोटा घरून मोजून आणलेल्या,
चहा नको म्हणतो आणि दोन कप पितो.
त्याची उजवी तर्जनी विंचमध्ये गेली,
म्हणून त्या मोज्याला ते बोट मी विणत नाही.
नऊ बोटांचा कर दहांइतकाच का,
हे कुठल्या रकान्यात विचारायचं?
चाळीसच घेतले, तर त्यातले पाच डॉलर बावीस सेंट
माझ्या पदरचे.
त्याला सांगायचं नाही. सांगितलं तर चहा घेणार नाही.

स्वेच्छेने.
शाळा सोडली, ती नव्हे.
मासळीच्या कारखान्यात थंड पाण्यात उभी राहिले, ती नव्हे.
कॉडची मासेमारी बंद झाली, लेस्टरने बोट उपडी घातली,
दोन्ही मुलगे अल्बर्टाला गेले,
तेव्हा कुणी असा चौकोन पुढे केला नाही
खूण करायला.

केली.

पुढचा रकाना: व्यवसाय सुरू झाल्याची तारीख.

ओंटारियोची एक बाई होती, गारठलेली, आमच्या दारात.
जून होता, तरी गारांसारखा पाऊस.
माझ्याच हातांतले मोजे बघून म्हणाली, केवढ्याला?
मी म्हणाले, द्याल ते.
तिने वीस दिले.
उरलेली लाकडं मी उघड्या हातांनी आत आणली.
साल आठवत नाही. भावही तेव्हा नव्हता,
नुसते माझे मोजे होते, आणि ते गेले.

रकाना रिकामा ठेवला की लाल होतो.
मी बघत बसले, तो बघत बसला.
मग स्क्रीनने कळवलं: बराच वेळ काही न केल्यामुळे
तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे.

बरं.
किटली ठेवली. हेझकायाचा डावा मोजा झालाय,
उजवा सुयांवर आहे,
बोटाच्या जागेपाशी टाके बंद करत आणलेत.
तारखेचं उद्या क्लेटनला विचारीन.
त्याला तरी काय माहीत म्हणा,
तो तेव्हा पाळण्यात होता.